'टेन्शन घेऊ नकोस' म्हणण्याआधी



आपल्या घराघरांत दिवसातून दहा वेळा बोलला जाणारा एक शब्द आहे, 'टेन्शन'. अब्बांना दुकानाचे टेन्शन, अम्मीला महिनाअखेरचे टेन्शन, आपाला सासरचे आणि भाईजानला नोकरीचे टेन्शन. या सगळ्यांवर आपल्याकडे औषधही एकच असते, "टेन्शन घेऊ नकोस." आम्हीही वर्गात हेच सांगत आलो. दहावीच्या परीक्षेला निघालेल्या मुलांच्या पाठीवर हात ठेवून हे वाक्य आम्ही किती वेळा बोललो असू, त्याची गणती नाही. पण टेन्शन ही घेण्याची किंवा न घेण्याची वस्तू आहे का? ते शरीरात नेमके जाते कुठे? हा प्रश्न आम्हाला एका मुलीमुळे पडला.

नववीतली मुलगी. नाव सांगत नाही. सातवी-आठवीत बीजगणितात तिचा हात सर्वांत आधी वर जायचा. नववीच्या दुसऱ्या सत्रात मात्र तिला काय झाले ते कळेना. काल फळ्यावर सोडवलेले उदाहरण आज विचारले, तर नुसती उभी राहायची. वही अर्धी कोरी. एके दिवशी आमचा संयम सुटला आणि सगळ्या वर्गासमोर आम्ही म्हणालो, "डोके घरी ठेवून आलीस का?" वर्ग हसला. ती खाली बसली. त्यानंतर तिने हात वर करणेच सोडून दिले.

पालकसभेला तिची अम्मी आली नाही, दादी आली. बाकीचे लोक जाईपर्यंत थांबली आणि हळूच म्हणाली, "सर, पोरीला रागावू नका. ती रात्रीची झोपतच नाही." मग कळले की, मुलीचे अब्बा आखाती देशात कामाला आहेत आणि पाच महिने त्यांना पगार मिळालेला नाही. संध्याकाळी उधारीवाले दारात येतात. रात्री अम्मी रडते. घर एका खोलीचे, त्यामुळे मुलगी डोळे मिटून सगळे ऐकत पडलेली असते.

तिने डोके घरी ठेवले नव्हते. सगळे घर डोक्यात घेऊन ती शाळेत येत होती, आणि आम्ही तिला हसण्याचा विषय केले होते. बी.एड. करताना बालमानसशास्त्राचा पेपर आम्हीही दिला होता. पण पेपर देणे वेगळे आणि समोरचे मूल समजणे वेगळे.

त्या दिवसापासून आम्ही या विषयावर मिळेल ते वाचत गेलो, आणि वाचता वाचता एका शास्त्रज्ञाची ओळख झाली. त्यांचे नाव ब्रूस मॅकइवेन. ताणाच्या वेळी शरीरात जे हार्मोन म्हणजे संप्रेरक तयार होते, ते मेंदूचे काय करते, या एका प्रश्नामागे या गृहस्थांनी पन्नासहून अधिक वर्षे घालवली. त्यांचे काम आपल्या घरांपर्यंत पोहोचले पाहिजे असे आम्हाला वाटते, म्हणून या महिन्यात तीच गोष्ट सांगत आहोत.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९३६ साली कॅनडातील मॉन्ट्रियल येथे हान्स सेल्ये नावाच्या डॉक्टरांनी उंदरांवर प्रयोग करून एक गोष्ट दाखवली होती. उंदराला थंडीत ठेवा, जखम करा किंवा दमवा, कारण कोणतेही असो, शरीरात होणारे बदल बरेचसे सारखेच असतात. पोटात व्रण पडतात आणि मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी सुजतात. या ग्रंथींतून जे संप्रेरक निघते, त्याला माणसाच्या बाबतीत कॉर्टिसॉल म्हणतात. हे काही विष नव्हे. सकाळी आपण जागे होतो तेव्हा ते वाढलेले असते, म्हणून अंगात हुशारी येते. रात्री ते उतरते. संकट आले की ते पुन्हा वाढते आणि धावायला, लढायला लागणारी साखर रक्तात उपलब्ध करून देते. अल्लाहने शरीराला दिलेली ही एक नेमतच आहे.

पण हे सारे गळ्याखालच्या शरीराचे झाले. मेंदूचे काय? त्या काळी समज असा होता की, मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस नावाचा छोटा भाग संप्रेरकांचा कारभार पाहतो, बाकीच्या मेंदूशी त्यांचा फारसा संबंध नाही. विचार, स्मरण, शिकणे ही कामे जणू निराळ्याच मजल्यावर चालतात.

मॅकइवेन यांचा जन्म १९३८ साली अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात झाला. ते आधी रसायनशास्त्र शिकले. मग न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात त्यांनी १९६४ साली पेशीविज्ञानात पीएच.डी. केली. त्यांचे गुरू आल्फ्रेड मिर्स्की यांच्या प्रयोगशाळेत पेशीच्या केंद्रकाचा, म्हणजे जिथे जनुके असतात त्या जागेचा अभ्यास चाले. जनुके कशामुळे कामाला लागतात आणि कशामुळे गप्प बसतात, हा तिथला विषय. हा पाया घेऊन मॅकइवेन १९६६ साली रॉकफेलरला परत आले आणि त्यांनी मेंदूकडे मोर्चा वळवला.

त्यांचा पहिला मोठा प्रयोग समजायला सोपा आहे. त्यांनी उंदरांच्या ॲड्रिनल ग्रंथी काढून टाकल्या, म्हणजे शरीरात स्वतःचे संप्रेरक राहिले नाही. मग किरणोत्सर्गी खूण केलेले तेच संप्रेरक बाहेरून टोचले आणि ते मेंदूत कुठे जाऊन थांबते ते मोजले. सर्वांत जास्त खूण सापडली ती हिप्पोकॅम्पस या भागात. त्याचा आकार समुद्रघोड्यासारखा दिसतो, म्हणून त्याला हे नाव पडले. नवी गोष्ट लक्षात ठेवणे, वाट ओळखणे, काल काय झाले ते आज आठवणे ही कामे या भागाशिवाय होत नाहीत. १९६८ साली हा शोध 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तेव्हा मॅकइवेन तिशीचे होते.

शिक्षकाच्या नजरेने पाहिले, तर हा शोध हादरवून सोडणारा आहे. ज्या संप्रेरकाला आपण टेन्शनचे रसायन म्हणू, त्याला बसायला मेंदूत जागा आहे, आणि ती जागा नेमकी आठवणीच्या घरात आहे. ते रक्तातून येते, चेतापेशीच्या केंद्रकापर्यंत जाते आणि जनुकांच्या कामात फेरफार करते. म्हणजे फळ्यासमोर नुसती उभी राहणारी मुलगी नाटक करीत असेलच असे नाही.

पुढच्या वर्षांत प्रश्न असा आला की, हे संप्रेरक रोजच वाढलेले राहिले तर काय होते? १९८६ साली मॅकइवेन आणि त्यांचे विद्यार्थी रॉबर्ट सापोल्स्की यांनी वयस्क होणाऱ्या उंदरांच्या अभ्यासावरून एक दुष्टचक्र मांडले. हिप्पोकॅम्पसचे एक काम ताणाच्या यंत्रणेला 'आता पुरे' असा निरोप देण्याचेही असते. त्यालाच इजा झाली की निरोप कमी पडतो, संप्रेरक वाढत राहते आणि इजा आणखी वाढते. हे चित्र निराशेचे होते.

पण मॅकइवेन तिथेच थांबले नाहीत. १९९० नंतरच्या काळात त्यांच्या प्रयोगशाळेत उंदरांना रोज सहा तास, असे एकवीस दिवस, हालचाल करता येणार नाही अशा अरुंद जागेत ठेवले गेले. नंतर त्यांच्या हिप्पोकॅम्पसमधल्या चेतापेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. चेतापेशीला झाडासारख्या फांद्या असतात आणि या फांद्यांवरच दुसऱ्या पेशींचे निरोप येतात. या फांद्या आखडल्या होत्या, कमी झाल्या होत्या. मात्र पेशी मेलेल्या नव्हत्या. ताण थांबवल्यावर थोड्याच दिवसांत त्या फांद्या पुन्हा वाढल्या.

इथे आम्ही वाचता वाचता थांबलो. उन्हाळ्यात पाने गाळून उभे असलेले झाड वाळले असे समजून कोणी तोडत नाही. पाऊस येईपर्यंत धीर धरतो. वर्गातल्या मुलाला मात्र आपण एका सत्रातच 'मठ्ठ' ठरवून मोकळे होतो.

या संशोधनात आपल्या देशाचाही वाटा आहे. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चट्टर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली दाखवले की, त्याच ताणाने मेंदूतल्या अमिग्डाला या भागात उलटे घडते. अमिग्डालाचे काम भीती ओळखणे आणि लक्षात ठेवणे. दीर्घ ताणात हिप्पोकॅम्पसच्या फांद्या आखडतात, पण अमिग्डालाच्या फांद्या वाढतात. शिवाय ताण संपल्यावर हिप्पोकॅम्पस सावरतो, पण अमिग्डालातली वाढ इतक्या लवकर ओसरत नाही. पुढे चट्टर्जी यांनी मॅकइवेन यांच्याबरोबरही काम केले.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे विसरून चालणार नाही. म्हणून माणसांवरचा एक अभ्यास सांगतो. २००९ साली मॅकइवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या परीक्षेची तयारी करणाऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांची तपासणी केली. महिनाभर ताणाखाली अभ्यास करणाऱ्या या हुशार मुलांना एका गोष्टीवरून दुसऱ्या गोष्टीकडे लक्ष वळवणे जड जात होते. कपाळामागचा जो भाग निर्णय आणि लक्ष सांभाळतो, त्याचा मेंदूच्या इतर भागांशी असलेला मेळ कमी झाला होता. परीक्षा होऊन एक महिना गेल्यावर पुन्हा तपासले, तेव्हा हे विद्यार्थी पूर्ववत झालेले होते.

तरुण मेंदू लवकर सावरतो, ही यातली मोठी आशेची गोष्ट आहे. दुसऱ्या बाजूला, वय वाढलेल्या उंदरांमध्ये कपाळामागच्या या भागातल्या आखडलेल्या फांद्या तितक्या सहज परत आल्या नाहीत, असेही मॅकइवेन यांच्या सहभागाने झालेल्या अभ्यासात दिसले. म्हणून घरातल्या दादा-दादींच्या काळजीलाही 'म्हातारपणी असेच असते' म्हणून सोडून देऊ नये.

आता भगिनींसाठी एक गोष्ट. मॅकइवेन यांनी फक्त ताणाच्या संप्रेरकाचा अभ्यास केला नाही. १९९० साली त्यांच्या प्रयोगशाळेतील कॅथरीन वूली, एलिझाबेथ गूल्ड आणि सहकाऱ्यांनी मादी उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये एक नवल पाहिले. चेतापेशीच्या फांद्यांवर बारीक काट्यांसारखे कोंब असतात. शरीरातले इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक वाढले की या कोंबांची संख्या वाढे आणि ते उतरले की कमी होई, आणि हे चार-पाच दिवसांच्या चक्रात. स्त्रीचे संप्रेरक केवळ मूल होण्यापुरते असते, ही समज यामुळे मागे पडली. पाळीच्या दिवसांत किंवा पाळी बंद होण्याच्या वयात एखादी बहीण म्हणते की, डोके जड झाले आहे, लक्षात राहत नाही. तेव्हा घरातल्या पुरुषांनी त्याला 'नखरे' म्हणण्याआधी हे आठवावे. शरीर आणि मेंदू यांच्यात भिंत नाही.

१९९३ साली मॅकइवेन यांनी एलियट स्टेलर यांच्याबरोबर एक कल्पना मांडली. इंग्रजी नाव अवघड आहे, पण अर्थ साधा आहे, 'साचत गेलेले ओझे'. शरीर प्रत्येक संकटाशी जुळवून घेते, पण फुकट नाही. दर वेळी थोडी झीज होते. संकट येऊन गेले, यंत्रणा शांत झाली, तर झीज भरून निघते. पण एकामागून एक धक्के येत राहिले किंवा धोका टळल्यावरही यंत्रणा शांत झाली नाही, तर ओझे साचत जाते. मग ते रक्तदाबात दिसते, कमरेच्या घेरात दिसते, रक्तातल्या साखरेत दिसते, झोपेत दिसते. पुढे संशोधकांनी अशा दहा मोजमापांवरून माणसावर किती ओझे साचले आहे याचा अंदाज बांधण्याची पद्धतही तयार केली.

यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे, हे ओझे एखाद्या मोठ्या संकटानेच येते असे नाही. रोजची अपुरी झोप, गोंगाट, महिनाअखेरची ओढाताण, घरातली धुसफूस, कामावरचा अपमान यांनीही ते वाढते. गरिबी शरीरात कशी शिरते, याचाही अभ्यास मॅकइवेन यांनी समाजशास्त्रज्ञांबरोबर बसून केला. प्रयोगशाळेतला माणूस वस्तीपर्यंत आला, याचे आम्हाला विशेष वाटते.

लहान मुलांच्या वाढीचा विचार करणाऱ्या अमेरिकेतील एका शास्त्रीय परिषदेतही ते होते. त्या मंडळींनी ताणाचे तीन प्रकार सांगितले आहेत. पहिला चांगला ताण. शाळेचा पहिला दिवस, भाषणाची स्पर्धा, पोहायला शिकणे. यातून मूल वाढते. दुसरा सोसवणारा ताण. घरात मृत्यू, आजारपण, मोठे नुकसान. घाव खोल असतो, पण जवळ एखादे प्रेमाचे माणूस असेल तर मूल त्यातून निभावून जाते. तिसरा विषारी ताण. भीती, मारहाण, उपासमार, कायमचे भांडण आणि त्यात मुलाला आधार देणारे कोणीच नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात फरक संकटाच्या आकाराचा असतोच असे नाही. अनेकदा फरक एका माणसाचा असतो.

म्हणून चांगल्या ताणापासून मुलाला लपवू नका. परीक्षा द्यावी, हरावे, पुन्हा उभे राहावे. पण हरून घरी आल्यावर दार उघडणारा चेहरा कसा आहे, यावर पुष्कळ काही ठरते.

आम्ही त्या मुलीसाठी काय केले, तेही सांगितले पाहिजे. उधारी फेडण्याइतकी आमची ऐपत नव्हती. आधी तिची माफी मागितली, आणि वर्गासमोरच मागितली, कारण अपमानही वर्गासमोरच केला होता. मग तिला उभे करून प्रश्न विचारणे बंद केले. उत्तर चिठ्ठीवर लिहून दिले तरी चालेल असे सांगितले. दादीला दोन विनंत्या केल्या. पैशांच्या गोष्टी मुलीच्या उशाशी नकोत, आणि ईशाच्या नमाजनंतर मुलीला शेजारी तिच्या खालाच्या घरी झोपायला पाठवा, तिथे एक खोली रिकामी असते. दादीने दोन्ही मानल्या.

चमत्कार झाला नाही. वार्षिक परीक्षेत तिला बीजगणितात जेमतेम गुण मिळाले. पण जवळजवळ दोन महिन्यांनी शाळा सुटताना ती वही घेऊन आली आणि म्हणाली, "सर, हे एक उदाहरण सुटत नाही." उदाहरण साधे होते. आम्हाला ते पाहून किती आनंद झाला, ते तिला कळले नसेल. तिच्या स्मरणशक्तीच्या फांद्या पुन्हा फुटत असतील, अशी आशा आहे. पण वर्गात हात वर करायला तिला पुढचे पूर्ण सत्र लागले. आमच्या त्या एका वाक्याने बसलेली भीती उतरायला इतका वेळ गेला. बंगळुरूच्या त्या संशोधनाची आठवण आम्हाला तेव्हा पुन्हा झाली.

ब्रूस मॅकइवेन २ जानेवारी २०२० रोजी वारले. तेव्हा ते ८१ वर्षांचे होते. अखेरपर्यंत ते रॉकफेलरमध्येच काम करीत होते आणि त्यांच्या हाताखाली शिकलेले संशोधक जगभर पसरलेले आहेत. आयुष्यभर ताणाचा अभ्यास करून त्यांनी जे सांगितले, ते ताणाला घाबरा असे नाही. मेंदू घडवला जातो, वाकतो आणि वेळेवर ओझे उतरले तर पुष्कळसा सावरतो, हे त्यांनी दाखवले. यासाठी पुरेशी झोप, चालणे-फिरणे, साधा सकस आहार आणि माणसांची सोबत यांवर त्यांचा भर असे. यातले काहीच औषधाच्या दुकानात मिळत नाही. पण झोप उडणे, खाणे सुटणे, गप्प होणे हे आठवडेच्या आठवडे चालले, तर डॉक्टरांना दाखवण्यात लाज कसली? ताप आल्यावर आपण लाजत नाही.

या महिन्यात प्रत्येक घराने एवढेच करून पाहावे. रात्रीच्या जेवणानंतर मोबाईल बाजूला ठेवा, हिशेबाची वही मिटा आणि घरातला जो कोणी अलीकडे चिडका, विसराळू किंवा अबोल झाला आहे, त्याच्याजवळ थोडा वेळ बसा. "टेन्शन घेऊ नकोस" असे सांगू नका. "कसले ओझे आहे, सांग. त्यातले थोडे आम्ही उचलतो," असे म्हणा. उचलता येईल तेवढे उचला. बाकीच्यासाठी दुआ आहेच.

पुढच्या महिन्यात पुन्हा भेटू, इन्शाअल्लाह. खुदा हाफिज.